वन्संची झटपट वाकळ

आमच्या वन्संइतकी घाईची बाई अख्ख्या करवीर तालुक्यात आजवर झाली नाही आणि पुढंही व्हायची नाही. व्हायचीच असेल तर तिला वन्संच्या आधी व्हावं लागेल, आणि वन्संच्या आधी कुणालाच काही करता येत नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मंगळवार पेठेत आमच्या घरापासून दोन बोळ सोडून राहतात. त्यांच्या जन्माची हकीकत माझ्या सासूबाई सांगायच्या. सुईणीला बोलावणं गेलं, ती बिचारी चपला घालून लगबगीनं निघाली, आणि दाराशी पोचते तो आतून बाळाचा टाहो! सुईण उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला मग कशाला बोलिवलासा, बारशाला?" तेव्हापासून वन्संनी जो वेग घेतला तो कमी झालेला कुणी पाहिलेला नाही. त्या आमच्याकडं येतात तेव्हा आधी त्यांचा आवाज येतो, मग त्या येतात आणि सगळ्यात शेवटी बेल वाजते, कारण बेल वाजवायची त्यांना आत आल्यावर आठवण होते.

जगातल्या प्रत्येक कामाची एक झटपट पद्धत असते आणि ज्या माणसांना ती सापडली नाही त्यांनी परंपरा नावाची गोष्ट काढली, असं वन्संचं मत आहे. जोतिबाला आम्ही सगळे मिळून जातो तेव्हा गाडी लावून, चपला ठेवून, नारळ-गुलाल घेऊन आम्ही पायऱ्या उतरायला लागतो तोवर वन्सं दर्शन उरकून गुलालानं माखून समोरून वर येत असतात. मी एकदा म्हटलं, "वन्सं, जरा देवासमोर उभं तरी राहायचं." तर म्हणाल्या, "देवाला माणसं लई असत्यात गं. आपण कशाला जागा अडवून बसायची?" टीव्हीवरच्या मालिका त्या फक्त शेवटची पाच मिनिटं बघतात आणि आधीचं सगळं स्वतः बनवून सांगतात, ते खऱ्या मालिकेपेक्षा बरं असतं. कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग झाला की इतर माणसं तासभर माना खाली घालून बसतात. वन्सं आत जातात, घरच्या बाईचा हात घट्ट धरतात, "माणूस चांगलं हुतं. तू जेवलीस काय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता तिच्या स्वयंपाकघरात शिरून पिठलं टाकतात. त्यांना जाऊन दहा मिनिटं झाली की त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी दोन घास खाल्लेले असतात.

झटपट पद्धती दर वेळी साधतात असं मात्र नाही. एका होळीला त्यांनी डाळ, गूळ, वेलदोडा सगळं एकदमच कुकरात घालून "आता पुरण वाटायची भानगडच न्हाय" असं जाहीर केलं. थोड्या वेळानं कुकरनं असा काही आवाज केला की बोळातली कुत्रीसुद्धा पळाली. आम्ही धावत गेलो तर पुरण भिंतीवर, पंख्यावर आणि बरंचसं छताला. वन्सं स्टुलावर चढल्या, छताचं पुरण बोटावर घेऊन चाखलं आणि वरूनच म्हणाल्या, "गूळ बेतात हाय."

अशा बाईला देवानं नवरा दिला तो दाजींसारखा. दाजींचं उद्यमनगरात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंडाचा केसभर थर काढायचा तर माणसानं श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो, आणि दाजी बोलतातही तसंच, एकेक शब्द मापून. त्यांनी वाक्य सुरू केलं की वन्सं ते पूर्ण करतात, त्याला उत्तर देतात, त्या उत्तरावर रागावतात आणि पुन्हा समेट करून भाजी चिरायला लागतात. दाजींचा तोवर दुसरा शब्द आलेला असतो. त्यांचं लग्न ठरलं तेव्हाही वन्संनी पोह्यांची बशी पुढं करत थेट विचारलं होतं, "तुमास्नी मी पसंत हाय काय? मला तुमी हायसा." दाजी अजून "हो" म्हणायच्या तयारीत होते. वन्सं म्हणाल्या, "मग खावा की, गार होत्यात." दाजी आजही सांगतात की मी होकार दिलेला नाही, मी फक्त पोहे खाल्ले.

या दोघांची एकुलती एक मुलगी अश्विनी. ती आणि जावई दोघंही नोकरीला बेंगलोरला असतात. पहिल्या बाळंतपणासाठी अश्विनी माहेरी आली आणि वाकळीचा प्रश्न उभा राहिला. वाकळ म्हणजे जुन्या मऊ कापडाचे थर एकमेकांवर घालून शिवलेली गोधडी. आमच्या सासरची रीत अशी की बाळाची पहिली वाकळ घरातल्या माणसांच्या वापरलेल्या कपड्यांची शिवायची; विकतच्या कापडाचा तुकडाही त्यात चालत नाही. सासूबाई होत्या तोवर हे काम त्यांचं. एकेक चौकोन कातरायचा, कडा दुमडायच्या, बोटानं दाबून शेजारच्याला जोडायचा आणि मग पूर्ण वाकळीवर हातानं धावदोरा घालायचा. कुणाकडं दिवस गेल्याचं कळलं की त्या सुई ओवायच्या. बाळ आत वाढायचं, वाकळ बाहेर वाढायची आणि दोन्ही साधारण एकदमच पुरी व्हायची. आता सासूबाई राहिल्या नव्हत्या. अश्विनीला आठवा लागला तरी वन्संनी कात्रीसुद्धा बाहेर काढली नाही, म्हणून मी भीत भीत विषय काढला.

"वन्सं, वाकळीचं काय?"

"हाय की अजून येळ. एका दिवसाचं तर काम."

"एका दिवसाचं? सासूबाईंना सात-आठ महिने लागायचे."

"आईकडं मोबाईल कुठं हुता?" असं म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक परदेशी म्हातारी भराभर कापड जोडत होती. "ही बघ. काय बोलालीय एक अक्षर कळत न्हाय, पण हात बघ की तिचा! तीन पट्ट्या घ्यायच्या लांबच्या लांब. रंगीत, पांढरी, रंगीत. मशीनवर सुर्रकन जोडायच्या. मग दुसऱ्या तीन, पांढरी, रंगीत, पांढरी. झालं? आता आडव्या कापायच्या, भाकरीचं तुकडं करावं तशा. एकेका तुकड्यात तीन-तीन चौकोन आयते जोडून येत्यात. तसलं तीन तुकडं एकाखाली एक लावलं की नऊ चौकोनांचा चौक तयार. आईनं एकेक चौकोन वेगळा कापून जन्म घालवला बघ!" त्या म्हातारीवर वन्संचा एवढा जीव जडला होता की ती कोल्हापूरला आली असती तर वन्संनी तिला मिसळ खायला घालून, साडी नेसवून, ओटी भरूनच परत पाठवलं असतं.

मग सुरू झाली कापडाची वसुली. वन्संनी नातेवाइकांची कपाटं अशी धुंडाळली की धाड घालणाऱ्यांनी त्यांच्याकडं शिकायला यावं. आमच्याकडं आल्या त्या थेट माझ्या नवऱ्याच्या कपाटाशी. माझा नवरा एका कचेरीत साहेब आहे, त्याच्यासमोर माणसं उभी राहून बोलतात, पण वन्संच्या लेखी तो अजून बाळ्याच आहे.

"बाळ्या, ह्यो निळा शर्ट घालतोस?"

"अक्का, अगं परवाच घेतलाय तो!"

"रंग चांगला हाय. नेतो मी."

"पण वापरलेलं कापड लागतं ना? मऊ?"

"मग वापर की. घाल. अं, हात वर कर, खाली कर. जरा बस, ऊठ. झाला वापरून. काढ."

तो शर्ट त्यांनी घरी नेऊन सकाळभरात तीनदा मशीनमध्ये धुतला, दगडावर आपटला, उन्हात वाळवला आणि संध्याकाळी मला दाखवायला आणला. दहा वर्षं घातल्यासारखा दिसत होता. "झटपट जुना," वन्सं म्हणाल्या. पांढऱ्या पट्ट्यांसाठी दाजींचे लेंगे कामी आले. दाजींकडं अंगावरचा एकच लेंगा राहिला आणि तो वाळेपर्यंत ते रविवारी दुपारी टॉवेलवर बसून पेपर वाचत होते, असं अश्विनीनं मला पोट धरून हसत सांगितलं.

शेवटी वन्सं माझ्या कपाटाशी आल्या. त्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात सासूबाईंचं हिरवं इरकल लुगडं होतं. दोन वर्षं ते तिथं होतं हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि दोघींनी एकदाही त्याचा विषय काढला नव्हता. सासूबाईंची बाकीची लुगडी ज्याची त्याला वाटून झाली होती. हे एवढं मी ठेवून घेतलेलं. नेसत नव्हते, नुसतं वर्षातून दोनदा ऊन दाखवून पुन्हा घडी घालत होते.

"आईचं इरकल काढ," वन्सं म्हणाल्या.

"वन्सं, एवढं एकच राहिलंय हो."

"म्हणूनच म्हणालोय. काढ की."

मी काढलं. त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, दातानं कडेला चीर पाडली आणि टर्रकन फाडलं. मी काही बोलायच्या आत दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. मला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल, पण त्यांच्या वेगात रडायलाही सवड मिळाली नाही. हिरव्या पट्ट्यांचा ढीग पडला तेव्हा वन्सं म्हणाल्या, "पाणी पिऊन येतो," आणि आत गेल्या. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत होता. एक भांडं पाणी प्यायला एवढा वेळ लागत नाही, आणि वन्संना तर मुळीच नाही. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "बघत काय बसलीस? पिशवी दे की!"

शिवणाचा दिवस मी सुट्टी काढून पाहिला. तो चुकवला असता तर जन्मभर हळहळले असते. वन्संनी पुढच्या खोलीत, सोप्यात, शिवणयंत्र मांडलं होतं. वर्कशॉपमधली लोखंडी पट्टी घेऊन दाजी कापायला बसले होते, आणि दोन उशांना टेकून अश्विनी देखरेखीला. वन्संनी पायडल मारलं आणि यंत्र जे सुटलं ते थांबेचना. निळी, पांढरी, निळी. हिरवी, पांढरी, हिरवी. पट्ट्या यंत्राच्या मागून उसाच्या चिपाडासारख्या भसाभस पडत होत्या. मध्येच दाजी म्हणाले, "अगं, तुझा..."

"माझा चहा झालाय मघाशीच. तुमी कापा."

"न्हाय, तुझा..."

"माझा चष्मा डोळ्यावरच हाय. कापा की हो!"

एवढ्यात दारात दूधवाला आला. वन्सं उठून ताडताड दाराकडं निघाल्या आणि त्यांच्यामागून तीन-चार हात लांब हिरव्या-पांढऱ्या पट्टीची मिरवणूक निघाली. पट्टीच्या शिवणीत वन्संचा पदर शिवला गेला होता.

"...पदर," दाजींचं वाक्य पूर्ण झालं.

अश्विनी इतकी हसली की मला तिची काळजी वाटली. दूधवाला पातेलं हातात घेऊन बघतच राहिला. दुसरी कुणी असती तर बसून शिवण उसवली असती. वन्संनी कात्री उचलली, अंगावरच्या साडीचा पदर कचकन कापला आणि म्हणाल्या, "चला, माझाबी तुकडा लागला. सगळ्यांचं घेतलं, आपलंच राह्यलं हुतं."

ऊन उतरायच्या आत वाकळीचा वरचा थर तयार झाला. खरंच झाला. नऊ-नऊ चौकोनांचे चौक एकाशेजारी एक, त्यात सासूबाईंचं हिरवं, नवऱ्याचा निळा, दाजींचा पांढरा आणि एका कोपऱ्यात वन्संच्या पदराची जांभळी बुट्टी. आम्ही चौघं मांडी घालून त्याच्याभोवती बसून राहिलो. दाजी म्हणाले, "छान झालीय. पण..." आणि त्यांचं पुढचं यायची वाट बघत आम्ही चहा प्यायलो. चहा संपता संपता आलं, "...एक चौक उलटा लागलाय." बघितलं तर खरंच, मधल्या एका चौकाची शिवण वर आणि चांगली बाजू आत. वन्संनी एक क्षणभर बघितलं. "ऱ्हाऊ दे. तीट हाय ती. नजर लागत न्हाय." मग अस्तर, मधला थर आणि वरून मशीनच्या चार रेघा एवढंच राहिलं. ते उद्या सकाळी उरकायचं ठरलं.

सकाळी ते उरकलं नाही, कारण पहाटेच अश्विनीला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून महिना-सव्वा महिना होता. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, आणि दुपारपर्यंत मुलगी झाली. दाजींच्या तळव्यावर मावेल एवढीशी. डॉक्टर बाहेर आल्या त्या तरुण होत्या, आमच्या अश्विनीच्याच वयाच्या. म्हणाल्या, अश्विनी बरी आहे, पण बाळाचं वजन कमी आहे, श्वासाला त्रास होतोय. काचेच्या पेटीत ठेवावं लागेल.

वन्सं म्हणाल्या, "ठेवा की. आजीचा गुण घेतलाय पोरीनं, सगळ्याची घाई. पण लौकर बाहेर काढायचं काय औषध-बिवषध असंल ते द्या. महागातलं असू दे."

"असं औषध नसतं, आजी. याला वेळच द्यावा लागतो."

"किती?"

"आत्ता नाही सांगता यायचं. वाट बघायची."

तेव्हा दाजी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा, आम्ही इथं बसून आहोत." हे एवढं मोठं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते एकटेच बोलले आणि वन्संनी ते मध्ये तोडलं नाही. मला खरी भीती वाटली ती त्या वेळी.

पहिला दिवस वन्संनी दवाखान्याला वळण लावण्यात घालवला. बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या चपला ओळीत लावल्या, कूलरपाशी होणारी गर्दी दोन रांगांत विभागली आणि भेटायच्या वेळेवरून कटकट करणाऱ्या वॉचमनला त्याच्या बायकोच्या गुडघेदुखीवर तेल सांगून आपल्या बाजूला वळवलं. दुसऱ्या दिवशी लावायला काही उरलं नाही. त्या नुसत्या बाकावर बसल्या. काचेतून दिवसातून थोडाच वेळ बाळ बघायला मिळायचं. नळ्यांमध्ये एक लालसर मूठ हलायची. बघून आल्या की वन्सं हात मांडीवर ठेवून बसायच्या. त्यांचे ते मोकळे हात मला बघवेनात. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "मीना, घरात जाऊन वाकळ घेऊन ये, अस्तर आणि मधल्या थरासकट. सुई-दोराबी."

"घरी जाऊन मशीनवर रेघा मारून आणू का? मी मारते."

"नको. हितंच आण."

तिसऱ्या दिवसापासून वन्सं दवाखान्याच्या बाकावर हातानं धावदोरा घालायला लागल्या. सुरुवातीचे टाके असे की त्यातून मांजराचं पिल्लू निघून जावं. हातानं शिवायची त्यांना सवयच नव्हती. सासूबाई शिकवायला बसल्या की त्या उठून जायच्या. बोट टोचायचं, त्या सुईला शिव्या द्यायच्या. हळूहळू टाके लहान होत गेले. शेजारी बसणाऱ्या बायका आधी बघायला, मग बोलायला आणि मग मदतीला सरकल्या. वन्संनी त्यांना मोबाईलमधली म्हातारी दाखवली, पट्ट्यांची युक्ती शिकवली, पण वाकळीला हात लावू दिला नाही. कागलचे एक पाहुणे बहिणीच्या बाळासाठी तिथं बसून असायचे. त्यांच्या खांद्यावरच्या पंच्यावर वन्संचा पहिल्यापासून डोळा होता.

"पावणं, पंचा लई मऊ हाय की तुमचा."

"वडलांचा हाय, ताई."

"मग तर झ्याकच. तुमच्याकडं बाळ घरी आलं की वाकळ शिवा आणि ह्यो मधोमध लावा. कसं शिवायचं मी दावतो."

तो गडी कधीपासून तोंड शिवून बसलेला, तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला. नंतर तो रोज वन्संसाठी चहा आणायचा आणि वन्सं तो गार झाल्यावर प्यायच्या. चहा गार होऊ देणाऱ्या वन्सं मी याआधी पाहिल्या नव्हत्या.

एकदा मी डबा घेऊन गेले तर त्या शिवलेली रेघ उसवत होत्या. चांगली सरळ रेघ होती.

"वन्सं, हे का उसवताय?"

"गप की. दोरा कच्चा निघाला."

दोरा कच्चा नव्हता. मी शेजारी बसले आणि मग माझ्या लक्षात आलं. वाकळीच्या कडेच्या तीन-चार रेघाच राहिल्या होत्या. वाकळ पुरी झाली आणि पोरगी अजून पेटीतच, असं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून त्या शिवत होत्या, उसवत होत्या, पुन्हा शिवत होत्या. मी दोरा ओवून दिला.

ज्या दुपारी नर्सनं बाळ पेटीतून काढून अश्विनीच्या कुशीत दिलं, त्या दुपारी वन्सं बाकावरून उठल्या नाहीत. दाजी आत गेले, मी गेले, बेंगलोरहून फोनवर जावई रडला. मी वन्संना बोलवायला बाहेर आले तर त्या मान खाली घालून शेवटची रेघ शिवत होत्या, टाक्याला टाका लावून. "आलो, आलो. एवढं संपू दे," म्हणाल्या. गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि वाकळ पोटाशी धरून ज्या पळाल्या त्या दारातल्या नर्सनं अडवलं तेव्हाच थांबल्या. "आजी, हे आत नाही चालायचं. घरी नेऊन उकळत्या पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, मग घरी घाला बाळाला." मला वाटलं, आता नर्सची धडगत नाही. पण वन्सं म्हणाल्या, "व्हय बाई, तुमी म्हणशीला तसं." धुतल्यावर इरकलाचा हिरवा रंग शेजारच्या पांढऱ्या चौकोनांत उतरला. दाजींचे लेंगे सगळे पोपटी झाले. वन्संनी ते उन्हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "आई कुठंबी गेली की आजूबाजूच्यास्नी आपल्या रंगात घेणारच."

आता ती पोर साडेतीन वर्षांची आहे. बेंगलोरला असते, मराठी आणि कन्नडची मिसळ करून बोलते आणि स्वभावानं अगदी दाजींवर गेली आहे. एक चपाती खायला तिला एवढा वेळ लागतो की पहिल्या घासाला गरम असलेली भाजी शेवटच्या घासाला शिळी होते. वाकळ तिला केव्हाच तोकडी झाली, पाय बाहेर राहतात, पण तिच्याशिवाय तिला झोप येत नाही, म्हणून वाकळही दर सुट्टीत बेंगलोर-कोल्हापूर-बेंगलोर असा प्रवास करते. वन्संची धावपळ चालूच आहे. गुडघे मात्र हल्ली त्यांचं ऐकत नाहीत, त्यामुळं त्या आधी बोलतात आणि मग बऱ्याच वेळानं पोचतात.

या दिवाळीची सुट्टी संपवून ती मंडळी परत निघाली तेव्हा मी तिथंच होते. दारात गाडी उभी, सामान भरून झालेलं, जावई घड्याळाकडं बघत होता. ऊन व्हायच्या आत हायवेला लागायचं होतं. आणि पोरीच्या पायातला एक सँडल सापडेना. अश्विनीनं पलंगाखाली बघितलं, जावयानं गाडीत बघितलं, दाजी वाकून जिन्याखाली हात घालून चाचपत होते. वन्सं सोप्यात खुर्चीवर बसून होत्या आणि नात त्यांच्या मांडीला टेकून एका पायावर उभी होती. वन्सं पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगत होत्या, "सापडंल की. घाई कशाला करालायसा? सावकाश बघा." वन्संच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला, म्हणून नीट बघितलं. त्यांच्या पदराखाली, मांडीवर काहीतरी टोकदार उंचवटा होता आणि त्याच्या कडेनं गुलाबी पट्ट्याचं एक टोक बाहेर आलं होतं.

आमची नजरानजर झाली. वन्संनी ओठ घट्ट मिटून मला मानेनं "न्हाय" अशी खूण केली. त्यांचे डोळे भरलेले होते आणि तरीही चोरी सापडलेल्या पोरासारख्या त्या हसतही होत्या.

"मीनामामी, तुम्हाला दिसला का कुठं?" जावयानं दारातून विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "मी माडीवर बघून येते." आणि मी एकेक पायरी मोजल्यासारखी, अगदी सावकाश जिना चढायला लागले.